छेद कुठून आणलात?

बसा. मागच्या बाकावरचे मोबाईल खिशात.

तुमचे कोविडच्या साथीचे प्रकल्प तपासले. बहुतेकांनी मृत्यूंना नोंदलेल्या रुग्णांनी भागलंय आणि उत्तराखाली ठसठशीत लिहिलंय, ‘विषाणूची घातकता’. हा भागाकार सातवीतलं पोरही करतं. तुम्ही उद्याचे डॉक्टर. तुमच्या आकड्यावरून खाटा आणि ऑक्सिजन मागवला जाईल. तो छेद आला कुठून, हे एकाही पानावर नाही!

मुंबईचंच घ्या. जुलै २०२० अखेर नोंदलेले रुग्ण सुमारे एक लाख चौदा हजार, मृत्यू सहा हजारांवर. तुमच्या रीतीने शेकडा पाचांहून जास्त दगावले. त्याच महिन्यात महापालिका, निती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने माटुंगा, चेंबूर, दहिसर या तीन वॉर्डांतल्या ६,९३६ जणांचं रक्त तपासलं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. नाक-घशाची चाचणी आज अंगात विषाणू आहे का ते सांगते, प्रतिपिंडं तो येऊन गेल्याचं सांगतात. एका सार्वजनिक नळावर, एका शौचालयावर अख्खी गल्ली अवलंबून असते, तिथे साथ पसरली आणि निम्म्याहून अधिक माणसं कुठल्याच यादीत आली नाहीत. ज्यांना लक्षणं नव्हती ते चाचणीला कशाला जातील? ज्यांना होती, त्यांची रोजी बुडाली असती. हे लोक तुमच्या छेदात नाहीत. ते धरले तेव्हा मृत्यूचं प्रमाण हजारी अर्धा ते एक एवढं खाली आलं.

आणि अंश तरी धड आहे का? १६ जून २०२० रोजी राज्याने आधी राहून गेलेले १,३२८ मृत्यू एका दिवसात यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. शिवाय आज बाधित झालेला माणूस दगावला तर दोन-तीन आठवड्यांनी दगावतो. चढत्या साथीत आजचे मृत्यू आजच्या रुग्णांशी जोडता कसे?

आता तुम्ही दोघं, ज्यांनी प्रतिपिंडांचा अहवाल वाचला आणि शेवटी लिहिलं, ‘विषाणू सौम्य’. तुमच्यावर माझा राग जास्त आहे, कारण तुम्ही वाचूनही विचार केला नाहीत. हजारी एक म्हणजे एक कोटी बाधितांत दहा हजार प्रेतं. ती सहा आठवड्यांत आली तर कुठल्या रुग्णालयात खाट उरेल? आणि खाट न मिळाल्याने जे मरतील, त्यांच्यामुळे ते प्रमाणही हजारी एकावर थांबणार नाही. वय कुठंय तुमच्या तक्त्यात? तरुण वस्तीचं प्रमाण सत्तरीच्या आजोबांना लावता?

प्रकल्प परत घ्या. कुणाची चाचणी झाली, कुणाची राहिली, वयोगट कोणता, तारीख कुठली, हे आधी लिहा, भागाकार मग. सोमवारी दहाला माझ्या टेबलावर. छेदाचा उगम नसेल, तर पुढचं पान मी उलटणार नाही.