दार कोणी लावले?

१९०९ सालच्या डिसेंबर महिन्याची १९ तारीख. आगमनकाळाचा चौथा रविवार. जर्मनीतील डॉर्टमुंड या कोळशाच्या व पोलादाच्या नगरीत एका मद्यगृहाच्या माडीवर काही तरुण जमले होते. ते कोणी उनाड नव्हते. जवळच्याच पवित्र त्रैक्याच्या चर्चमधील युवक-संघाचे ते सभासद होते. पोलादाच्या कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या कामगारवस्तीतील ही मुले. चर्चची उपासना त्यांना परकी नव्हती. पण रविवारी दुपारी फुटबॉल खेळणे, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा आनंद होता.

तेथील सहायक धर्मगुरू फादर ह्युबर्ट डेवाल्ड यांना हा खेळ पसंत नव्हता. तो त्यांना दांडगाईचा व कॅथलिक तरुणांना न शोभणारा वाटे. रविवारच्या दुपारची भक्ती आणि मैदान यांत मुलांनी मैदान निवडावे, हे त्यांना सहन होत नव्हते. क्लबच्या परंपरेत असे सांगितले जाते, की ती सभा मोडण्यासाठी ते स्वतः मद्यगृहात गेले आणि तरुणांनी त्यांना दारातच अडविले. त्या दिवशी अठरा तरुण निर्धाराने मागे राहिले व त्यांनी आपला क्लब स्थापन केला. प्रशियाचे लॅटिन नाव ‘बोरुसिया’. शेजारच्या एका बिअरच्या कारखान्याचेही तेच नाव होते. ते त्यांनी घेतले. आज जगभर ओळखला जाणारा बोरुसिया डॉर्टमुंड हा क्लब तो हाच.

आमच्या धर्मग्रामातील एक युवक एका रविवारी काळी-पिवळी जर्सी घालून मिस्साला आला, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी नापसंती दर्शविली. मिस्सानंतर आम्ही त्या युवकाला जर्सीविषयी विचारले आणि त्याने आम्हास ही कथा सांगितली. शेवटी हसत म्हणाला, “फादर, हा क्लब फादरांमुळेच झाला!” आम्हीही हसलो. परंतु तो निघून गेल्यावर एक प्रश्न मनात रेंगाळत राहिला. त्या रविवारी दार कोणी लावले?

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. मुलांनी लावले. आपल्या धर्मगुरूला त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवले. हे उद्धटपणाचे होते, असे कोणी म्हटल्यास त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. शिवाय फादर डेवाल्ड यांच्या चिंतेलाही कारण होते. धूर ओकणाऱ्या त्या नगरीत रविवार हाच कामगाराला देवासाठी व स्वतःसाठी मिळणारा दिवस. तोही गोंगाटात हरवला तर मनुष्याजवळ उरावे काय? पाळकाने अशी चिंता वाहिली नाही तर तो पाळक कसला? आणि सभा तर चक्क मद्यगृहात भरली होती! आमची शंका खरी ठरली, असेच त्यांना वाटले असेल.

तथापि, ती मुले मद्यगृहात का बसली याचा विचार करू या. त्यांच्या आवडीला चर्चच्या आवारात जागा असती, तर त्यांना ती माडी शोधावी लागली नसती. माडीचे दार मुलांनी लावले हे खरे. पण त्याआधी दुसरे एक दार लागून गेले होते, आणि त्याची कडी आतून, आपल्याच बाजूने घातलेली होती.

हे आम्ही दुसऱ्याच्या दोषाकडे बोट दाखविण्यासाठी लिहीत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका लहान धर्मग्रामात प्रथमच प्रमुख धर्मगुरू म्हणून गेलो होतो. रविवारी सायंकाळी आत जपमाळेची प्रार्थना सुरू असे आणि बाहेर आठ-दहा मुलांचा चेंडू भिंतीवर आदळत असे. एकदा खिडकीची काच फुटली. आम्ही बाहेर आलो, चेंडू उचलला आणि सॅक्रिस्टीच्या कपाटात कुलूपबंद केला. मुले काही बोलली नाहीत. पुढच्या रविवारी आवारात शांतता होती. आमचे काम फत्ते झाले, असे आम्हास वाटले. मिस्साच्या वेळी मागचे बाकही रिकामे राहू लागले आहे, हे ध्यानात यायला दोन-तीन महिने गेले.

त्यांतील एका मुलाचे वडील पुढे गंभीर आजारी पडले. शेजाऱ्यांनी निरोप दिला म्हणून आम्ही वेळेत पोहोचलो व त्यांना रुग्णाभ्यंग दिला. अंत्यविधीनंतर आम्ही मुलाला बाजूला घेऊन विचारले, “बाळा, तू स्वतः का नाही आलास रे बोलवायला?” खाली मान घालून तो म्हणाला, “फादर, तुमच्याकडे यायची सवयच मोडली.” त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. आमची बदली झाली, तेव्हा कपाट रिकामे करताना तो चेंडू सापडला. तो परत करावा, असे आम्हास इतक्या वर्षांत एकदाही सुचले नव्हते.

मनाई करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. मिस्साच्या वेळी सामना ठेवला तर आम्ही आजही नाही म्हणू. बापाने मुलाला, शिक्षकाने शिष्याला, पाळकाने कळपाला कधी कधी ‘नाही’ म्हणावेच लागते. पण ते म्हटल्यावर आपण कोठे उभे राहतो, यावर सारे अवलंबून असते. संत जॉन बॉस्को यांनी १८४१ साली तुरीन शहरात मुलांचे कार्य आरंभिले, तेव्हा खेळ हा त्यांना प्रार्थनेचा शत्रू वाटला नाही. ते स्वतः झगा सावरून मुलांत धावत. ग्लासगो शहरातील मारिस्ट बंधू वॉलफ्रिड यांनी १८८७ साली गरीब मुलांच्या अन्नासाठी पैसा उभा राहावा म्हणून सेल्टिक हा फुटबॉल क्लब स्थापन केला. एकाच चर्चमध्ये एकाला चेंडूत धोका दिसला, दुसऱ्याला भाकर दिसली. शिष्यांनी लेकरांना अडविले, तेव्हा आपला प्रभू कोणावर रागावला, हे आपण सर्व जाणतोच.

दाराबाहेर गेलेल्या त्या तरुणांच्या क्लबचे पुढे काय झाले? जर्मनीचे विजेतेपद १९५६ साली प्रथम मिळाले. युरोपचे सर्वोच्च विजेतेपद १९९७ साली. त्यांच्या मैदानात एक्याऐंशी हजार प्रेक्षक मावतात आणि दक्षिणेकडील एकाच सज्जात सुमारे पंचवीस हजार समर्थक उभे राहतात. लोक त्याला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. १३ मार्च २०१६ रोजी माइन्झ संघाशी सामना चालू असताना एका वृद्ध समर्थकाचा हृदयविकाराने मृत्यू झाला. वार्ता पसरताच दोन्ही संघांच्या समर्थकांनी घोषणा थांबविल्या. सामना सुरूच होता, पण ते अफाट मैदान निःशब्द झाले. ११ एप्रिल २०१७ रोजी संघाच्या बसजवळ स्फोट घडविण्यात आला व मोनाकोच्या संघाशी होणारा सामना दुसऱ्या दिवसावर गेला. तेव्हा डॉर्टमुंडच्या लोकांनी परगावहून आलेल्या प्रतिस्पर्धी समर्थकांना आपल्या घरी रात्रीचा आसरा दिला. मैदानाची देखभाल करणारे हाइनरिख चेर्कुस कम्युनिस्ट होते. १९४५ साली गुड फ्रायडेच्या सुमारास गेस्टापोने शेकडो लोकांना जंगलात नेऊन ठार केले, त्यांत तेही होते. २००५ सालापासून समर्थक त्यांच्या स्मरणार्थ गुड फ्रायडेला त्या स्मारकापर्यंत धावत व चालत जातात.

मृतासाठी मौन, परक्याला आसरा, मारल्या गेलेल्याचे स्मरण. ही आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकविली जाणारी दयेची कृत्ये नव्हेत काय? ती आमच्यामुळे झाली, असा दावा आम्ही करणार नाही. आम्ही इतकेच म्हणतो, की पवित्र आत्मा दार लावले म्हणून बाहेर जायचा थांबत नाही.

परंतु ही गर्दी संतांची आहे, असेही कोणी समजू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच समर्थकांतील काहींनी लाइपझिगच्या पाहुण्यांवर दगड व बाटल्या फेकल्या. त्या पाहुण्यांत स्त्रिया होत्या, मुले होती. सज्जात द्वेषाचे फलक झळकले. शिक्षा म्हणून पुढच्या एका सामन्याला ती पिवळी भिंत रिकामी ठेवावी लागली. ज्यांच्या पूर्वजांना एकदा बाहेर ठेवण्यात आले होते, तेच आता दुसऱ्यांना बाहेर ठेवू पाहत होते. एखाद्या समूहावर आपले प्रेम असणे, हा सद्गुण एवढ्यानेच पुरा होत नाही. त्या प्रेमाला दार आहे की नुसतीच भिंत आहे, हे पाहावे लागते. क्लबला हे लागू आहे. जातीला, गावाला आणि धर्मग्रामालाही लागू आहे.

पवित्र त्रैक्याचे ते चर्च आजही उभे आहे. क्लबचे समर्थक त्याला आपल्या संस्थापकांचे चर्च मानतात आणि गळ्यात काळे-पिवळे पट्टे घालून तेथे उपासनेला येऊन बसतात. ज्यांना मैदान सोडा म्हटले होते, त्यांच्या पुढच्या पिढ्या मैदानासह परत आल्या. फादर डेवाल्ड यांनी हे पाहिले असते, तर? आम्हास वाटते, त्यांना आनंदच झाला असता. त्यांचेही त्या मुलांवर प्रेम होते. त्यांनी ते दारात उभे राहून सांगितले, एवढीच त्यांची चूक. आमची चूक त्यांच्याहून मोठी आहे. ते निदान मुलांच्या मागे माडीपर्यंत गेले. आम्ही तर कुलूप लावून पुन्हा प्रार्थनेला बसलो होतो.

त्या युवकाला आम्ही पुढच्या रविवारी तीच जर्सी घालून यावयास सांगितले आहे. आणि ज्या मुलाचा चेंडू आम्ही ठेवून घेतला होता, तो आता स्वतः दोन मुलांचा बाप आहे. त्याच्या घरी जायचे आम्ही ठरविले आहे. या वेळी दार ठोठावण्याची पाळी आमची आहे.