आरोग्य खरोखर आपल्या हातात आहे का?

शिस्तीने जगणारा, नियमित व्यायाम करणारा माणूस अचानक गेला, की तुमच्याही मनात हा प्रश्न आला असेल: मग एवढे सगळे करून उपयोग काय?

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी बेंगळुरूमध्ये घरोघरी हाच प्रश्न विचारला गेला. कन्नड चित्रपटसृष्टीचे लाडके अभिनेते पुनीत राजकुमार यांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. ते अवघे ४६ वर्षांचे होते आणि त्यांची तंदुरुस्ती सर्वांना ठाऊक होती. त्यानंतर शहरातील जयदेव हृदयरोग रुग्णालयात तपासणीसाठी लोकांची रीघ लागली. काहींनी तर व्यायामाचीच धास्ती घेतली.

अशा वेळी मन दोन टोकांना पळते. एक टोक म्हणते, ‘सगळे नशिबावर आहे. मग हवे ते खा, हवे तेवढे जागा.’ दुसरे टोक म्हणते, ‘सगळे माझ्याच हातात आहे. मी नीट वागलो तर मला काही होणार नाही.’ दोन्ही विचार मनाला बरे वाटतात, कारण पहिल्याने जबाबदारी टळते आणि दुसऱ्याने भीती. पण दोन्ही अपुरे आहेत.

कळते, पण वळत नाही

आपल्या हातात काय आहे, ते आधी पाहू. चरकसंहितेत आजाराचे एक मोठे कारण सांगितले आहे: प्रज्ञापराध. बुद्धी, संयम आणि स्मरण यांपैकी काही ढळले, की माणूस स्वतःच्याच हिताविरुद्ध वागतो.

बेंगळुरूच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या कोणाचीही संध्याकाळ आठवा. दिवसभर खुर्चीत बसून काम, मग रस्त्यावरच्या कोंडीत गाडीत बसणे, आणि घरी आल्यावर अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर बैठक. ती संपते रात्री साडेदहाला. मग हात आपोआप मोबाइलकडे जातो आणि अकरा वाजता बिर्याणी मागवली जाते. खरे तर त्या वेळी डोके थकलेले असते, पोट रिकामे असतेच असे नाही. उशिरा जेवण हिताचे नाही, हे त्या माणसाला ठाऊक नसते का? नक्कीच असते. त्याच्याकडे माहिती भरपूर आहे. नेमक्या क्षणी तिची आठवण राहत नाही, आणि राहिली तर धीर टिकत नाही.

म्हणूनच आरोग्याचा प्रश्न आधी सजगतेचा आहे, आहाराचा तक्ता नंतर येतो. ऑर्डर देण्यापूर्वी डोळे मिटून दहा दीर्घ श्वास घेऊन पाहा. खरी भूक असेल तर ती दहा श्वासांनंतरही राहील. नुसता शीण असेल तर तो शीण आहे, हे तुम्हाला कळेल. त्या क्षणी निवड तुमच्या हातात येते.

ही निवड छोटी वाटते, पण ती रोजची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरून मागे फिरता येते. चालणे, वेळेवर जेवणे आणि पुरेशी झोप यांचा उपयोग तिथे सर्वाधिक होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे रोजची वीस-पंचवीस मिनिटे. लालबागेतील एखादा फेरफटकाही त्यासाठी पुरतो.

सगळे एकट्याच्या हातात नाही

आता दुसरी बाजू. त्याच चरकसंहितेत विचारले आहे, की प्रकृती, आहार, वय वेगवेगळे असूनही एका गावातील सगळे एकाच वेळी आजारी का पडतात? उत्तर असे दिले आहे, की हवा, पाणी, भूमी आणि काळ ही सर्वांची समाईक असतात. ती बिघडली की शिस्तीने जगणाराही सुटत नाही.

बेंगळुरूला हे समजावून सांगावे लागत नाही. शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या बेल्लंदूर तलावाचा फेस रस्त्यापर्यंत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तर तलावावर आग भडकली. त्या काठावर राहणाऱ्याने कितीही प्राणायाम केला, तरी त्याला तीच हवा घ्यावी लागली.

आणि ज्याने रात्री अकराला तुमचे जेवण दाराशी आणले, त्याच्या झोपेचे काय? रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला ‘लवकर निजा, लवकर उठा’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? आपली सोय अनेकदा दुसऱ्याची जीवनशैली ठरवते. चरकाचार्यांनी समाईक बिघाडाचे मूळही शेवटी प्रज्ञापराधातच पाहिले आहे. एकेकट्याची बेफिकिरी साठत जाते आणि ती सर्वांची हवा होते.

म्हणून आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा ‘तुम्ही पथ्य पाळत नव्हतात का?’ असे विचारू नका. त्याच्या आजारात त्याचा वाटा किती, आनुवंशिकतेचा किती आणि शहराचा किती, हे तुम्हाला माहीत नाही. ‘माझ्या आरोग्याला मी जबाबदार आहे’ हे वाक्य स्वतःला म्हटले तर बळ देते. तेच दुसऱ्याला ऐकवले की त्याचा दगड होतो.

शरीर ही ठेव आहे

मग उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर कुठे मिळते? भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण सांगतात, की ज्याचा आहार, विहार, कर्म, झोप आणि जागणे प्रमाणात असते, त्याचा योग दुःख दूर करणारा ठरतो. शंभर वर्षे जगण्याची हमी तिथे दिलेली नाही. कर्म आपले, फळ आपल्या अधिकारातले नाही, हे गीतेचे सूत्र व्यायामालाही लागू आहे. शिस्तीने धोका कमी होतो, शून्य होत नाही. पण आजचा दिवस हलका जातो, मन प्रसन्न राहते आणि चार माणसांच्या उपयोगी पडण्याची ताकद टिकते.

पुनीत राजकुमार यांच्या नेत्रदानातून चार जणांना दृष्टी मिळाली. हे शरीर आपली मालमत्ता नसून आपल्याकडे सांभाळायला दिलेली ठेव आहे, हे याहून स्पष्ट कसे सांगणार? ठेव कधी परत मागितली जाईल ते आपण ठरवत नाही. ती कशी सांभाळायची, एवढेच आपण ठरवतो.

आज एकच गोष्ट करा. रात्रीचे जेवण एक तास आधी घ्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि निजण्यापूर्वी काही मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्या. आणि उद्या सकाळी, रात्रभर जागून तुमच्या इमारतीची राखण करणाऱ्याला विचारा, ‘दादा, झोप होते ना?’ साधना आणि सेवा यांची सुरुवात इतकी जवळ आहे.