मरुभूमीतली विहीर

वेदान्ताच्या पाठशाळेत पाऊल टाकल्यापासून आम्ही मृगजळाचा दृष्टान्त ऐकत आलो, आणि पुढे चाळीस वर्षे कीर्तनातून तोच सांगत आलो. पण भाविक सज्जनहो, खरे सांगावयाचे तर दोरीवरचा साप आम्ही लहानपणी गोठ्यात दोनचारदा पाहिला होता. मृगजळ मात्र या डोळ्यांनी पाहिले ते वयाच्या पासष्टाव्या वर्षी, सन 2019 च्या वैशाखात, जैसलमेरहून समच्या वाळूकडे जाताना. रस्त्यावर पुढे तळे पसरलेले, त्यात बाभळीची उलटी छाया! जमिनीलगतची हवा तापून विरळ होते, प्रकाश वाकतो आणि आकाशच खाली दिसते, असे शिकली-सवरलेली मंडळी सांगतात. आम्ही मोठ्या हौसेने सर्वांना खाली उतरवून ते दाखविले व तिथल्या तिथे एक लहानसे निरूपणही केले. अमरकोशात 'मरु' आणि 'धन्वन्' हे समानार्थी दिले आहेत. 'मरु' म्हणजे जेथे प्राणी तहानेने मरतात ती भूमी, अशी व्युत्पत्ती सांगितली. माना डोलल्या. आम्हालाही बरे वाटले. असो.

यात्रा होती कोलायतची. जैसलमेरहून बिकानेरास जाताना बिकानेरच्या अलीकडे सुमारे 50 किलोमीटरवर हे कपिलमुनींचे स्थान आहे. मोठे सरोवर आहे, कार्तिकी पौर्णिमेस मेळा भरतो. आपल्या लेखी त्याचे महत्त्व निराळे. ज्ञानोबा माउली आणि नामदेवराय तीर्थाटनास निघाले, मरुभूमीत तहानेने व्याकुळ झाले, आणि विहीर लागली ती इतकी खोल की दोराचा उपाय नाही, ती विहीर इथली अशी परंपरा आहे. वाळूचे डोंगर पाहणे ही आमच्या फडावरच्या तरुण मंडळींची हौस. आम्ही आधी नको म्हटले आणि मग सर्वांत पुढे आम्हीच निघालो!

समला पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. उंटवाला सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. त्याने पश्चिमेकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबाजी, आज टीले पर मत जाओ. आँधी आएगी." आकाश तर निरभ्र. क्षितिजाशी एक पिवळट-तांबूस रेघ, एवढेच. आदल्याच वर्षी, 2 मे 2018 च्या रात्री, राजस्थानच्या पूर्वभागात आणि उत्तर प्रदेशात धुळीच्या वादळाने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे आम्ही वर्तमानपत्रात वाचले होते. पण वाचलेले वेळेवर आठवेल तर तो माणूस कसला? सूर्यास्त पाहावयास एवढ्या लांब आलो आणि पाहिल्यावाचून परत जायचे? आम्ही म्हटलं, "चलो बेटा, पांडुरंग है." तो बिचारा काय बोलणार! त्याची मजुरी आमच्याच हातात.

शेवटच्या टेकाडावर चढलो आणि वारा एकाएकी थांबला. उंट मागे वळू लागले. मग ती रेघ उभी राहिली. भिंतच म्हणा ना! जमिनीपासून वर आभाळापर्यंत तांबडी भिंत, आणि ती चालत येते आहे. हे कसे घडते ते आम्हास पुढे एका जाणत्याने समजावून दिले. तापल्या भुईवरून हवा वर चढते, ढग बनतो, पाऊस पडतो. पण खालची हवा इतकी कोरडी की थेंब वाटेतच आटतात. ते आटताना हवा थंड आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चोहीकडे धावत सुटते. तिच्यापुढे ही धूळ. म्हणजे वर पाऊस पडतच असतो, खाली येते ती माती.

पोराने उंटांना पटापट बसविले आणि आम्हा अकरा जणांना त्यांच्या आडोशाला दाबून बसविले. उंट नाकपुड्या मिटून घेतो, पापण्यांना केसांची दुहेरी ओळ असते. त्याची देवाने सोय केली आहे. आमची सोय एक उपरणे. डोळे मिटले तरी दातांत वाळू, कानांत वाळू. शेजारचा माणूस दिसेना.

आमच्या अगदी लगत आत्या होत्या. वयाने सत्तरीच्या पुढे, माळकरी, फडावर लहानथोर सगळे त्यांना आत्याच म्हणतात. त्यांची पाण्याची बाटली गाडीत राहिली होती. त्यांना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. श्वास आत ओढला की धूळ, धूळ की पुन्हा खोकला. आमच्या झोळीत बाटली होती. सोवळ्याचे पाणी म्हणून सकाळी निराळे भरून घेतलेले.

आता जे लिहितो ते लिहिण्यास हात जड होतो. आमचा हात झोळीत गेला, बाटलीवर पडला आणि तेथेच राहिला. वादळ किती वेळ चालेल? रात्र इथेच काढावी लागली तर? आम्हास मधुमेह, घसा कोरडा पडतो. असा हिशेब मनात चालला होता, वाण्याच्या चोपडीसारखा चोख. नामस्मरण म्हणाल तर, सज्जनहो, त्या वेळी ओठांवर नाम नव्हते.

इतक्यात तो पोरगा वाळूतून गुडघ्यांवर रांगत आला. त्याच्यापाशी एक कापडी छागळ होती. त्याने आत्यांची मान हातावर धरली व घोट घोट पाणी घातले. आत्यांनी ते डोळे मिटून घेतले. कोण, कुठला, काही विचारले नाही. मग त्याने छागळ आमच्याकडे केली, आणि आम्ही प्यायलो! परक्या हातचे पाणी न घेण्याचा चाळीस वर्षांचा नेम त्या वाळूत कुठे गेला ते कळलेही नाही. नेम मोडल्याचे दुःख नाही. पण आमचे पाणी झोळीत होते आणि आम्ही त्याचे प्यायलो, हे कोणत्या प्रायश्चित्तात बसवावे?

अर्ध्या तासात भिंत निघून गेली. चार टपोरे थेंब पडले, मातीचा वास सुटला. मंडळी एकमेकांचे तांबडे चेहरे पाहून हसू लागली. सूर्य केव्हा मावळला ते कोणी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी कोलायतच्या सरोवरावर आम्ही कीर्तनास उभे राहिलो. आख्यान ठरलेलेच. माउली लघिमा सिद्धीने सूक्ष्म होऊन विहिरीत उतरले, जलपान करून वर आले आणि नामदेवरायांना म्हणाले, तुझ्यासाठीही आणतो. नामदेवराय आणू देईनात. त्यांनी विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर उचंबळून वाहू लागली. येथे आम्ही नेहमी योग श्रेष्ठ की भक्ती असा पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडतो आणि शेवटी दोन्ही एकच म्हणून समन्वय करतो. टाळ्या हमखास. त्या दिवशी 'उचंबळून' हा शब्द उच्चारला आणि पुढचे वाक्य येईना. विहीर काठाबाहेर वाहिली, म्हणजे ते पाणी मागणाऱ्यापुरते राहिले नाही. वाटसरू, गुरे, पाखरे, ज्याला तहान त्याचे झाले. चाळीस वर्षे आम्ही हे वाक्य घाईने म्हणून पुढे समन्वयाकडे जात होतो.

पूर्वपक्ष सोडून दिला. वीणा उतरवून ठेवली आणि बाटलीची हकीकत जशीच्या तशी सांगितली. सभा गप्प. आत्या पहिल्याच ओळीत टाळ घेऊन बसल्या होत्या.

"बुवा, किती पाणी होतं हो बाटलीत?"

"अर्धी बाटली, आत्या."

त्या थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात झोळीत गेलेला मी पाहिला होता. मला वाटलं, बाटली रिकामी असेल, म्हणून बुवांना वाईट वाटतंय."

आणि त्यांनी टाळ उचलले.