झोळी रिकामी चालेल, मळकी नको

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की नांदेड-लातूरकडच्या माणसाचं मन माहूरच्या शिखराकडे ओढ घेतं. दत्तप्रभूंची भिक्षा कोल्हापुरी आणि निद्रा माहुरी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्रैलोक्याचा स्वामी, पण खांद्याला झोळी! झोळी रिकामी असण्यात कमीपणा नाही, ती मळू मात्र द्यायची नाही, एवढंच ते रूप आपल्याला सांगतं.

संकट आलं की मनाला दोन रोग जडतात. पहिला रोग म्हणजे, "मी इतकं देवाचं केलं, मग माझ्याच वाट्याला हे का?" हा भक्तीचाच अहंकार आहे. दुसरा रोग म्हणजे, "अडचणीत सगळं चालतं." पहिल्या रोगात नम्रता जाते, दुसऱ्यात सचोटी. पैसा गेला तर तो पुन्हा मिळवता येतो. या दोन गोष्टी गेल्या की घर उभं असून पडल्यासारखंच.

या दोन्ही रोगांवरचं औषध आपल्याच दत्तसंप्रदायात आहे. संत दासोपंतांचं चरित्र आठवा. त्यांचा जन्म शके १४७३ म्हणजे इ. स. १५५१ चा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत बिदरच्या राज्यातले देशपांडे. दुष्काळ पडला, सरकारी सारा भरणं झालं नाही. पंतांनी सरकारी धान्य भुकेल्या रयतेला वाटलं, असंही सांगतात. बिदरच्या दरबारानं लहानग्या दासोला ओलीस ठेवून घेतलं. मुदतीत रक्कम आली नाही तर मुलगा घरी परतणार नाही, अशी अट.

विचार करा, पंतांच्या हाती अधिकार होता. रयतेला पिळून, भांडीकुंडी विकायला लावून वसुली करणं अवघड नव्हतं. पण स्वतःचं लेकरू सोडवायला दुसऱ्याच्या लेकरांच्या तोंडचा घास काढणं त्यांना जमलं नाही. शेवटी दत्तप्रभू दत्ताजी पाडेवाराच्या रूपानं दरबारात गेले आणि रक्कम भरून आले, अशी कथा आहे. इथं देवानं सरदाराचं रूप घेतलं नाही. गावकीतल्या साध्या सेवकाचं घेतलं. भक्त नम्र, तर देव त्याहून नम्र.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. देव माझ्यासाठी आला, असं मिरवायला दासोपंत थांबले नाहीत. घरदार सोडून माहूरला आले, तिथं बारा वर्षं तप केलं. नंतर अंबाजोगाईला राहून आयुष्यभर लिहीत राहिले. सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेली त्यांची 'पासोडी' प्रसिद्धच आहे. देवाचं ऋण त्यांनी असं कष्टानं फेडलं.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यातला पहिला गुरू पृथ्वी, कारण ती सोसते. आपल्या भागात ही उपमा जरा जड जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, हीच धरणी किल्लारीला हलली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. तरी मागे उरलेल्यांनी याच मातीत पुन्हा पेरलं, याच मातीवर घरं बांधली. धरणीची क्षमा तिच्या लेकरांतही उतरली, असंच म्हणावं लागतं.

२०१६ चा उन्हाळा तर सगळ्यांनाच आठवतो. लातुरात पाणी भरायच्या जागी जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तेव्हा घागरींच्या रांगेत लहानमोठा असा भेद उरला नव्हता. पण रांगेत आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, की ओळख काढून पुढं घुसायचं, हा प्रश्न प्रत्येकापुढं होता. सचोटीची परीक्षा अशाच ठिकाणी होते.

माझं आयुष्य बँकेत जमा-नावे लिहिण्यात गेलं. तिथं एक गोष्ट पक्की कळली. खात्यात शिल्लक कमी असणं हा दोष नाही, खोटी नोंद हा दोष आहे. नुकसानभरपाईच्या यादीत न झालेलं नुकसान लिहू नये. भावाच्या वाट्याच्या जमिनीचा फेरफार गुपचूप करू नये. हात पसरायची वेळ आली तर लाजू नये, कारण आपल्या देवानंही भिक्षा मागितली. आणि देण्याची वेळ आली तर घेणाऱ्याची मान खाली जाईल असं देऊ नये.

यंदा पाळण्याची दोरी ओढताना मागणं एकच करू या. देवा, संकट टळलं तर तुझी कृपा. नाही टळलं, तर आमची झोळी स्वच्छ ठेव.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!