ढोलाची जागा

आमचा यवतमाळचा भाचा हेवी मेटल नावाच्या संगीताचं ध्वनिमुद्रण करतो. त्यातला पायाने वाजवायचा मोठा ढोल, म्हणजे ‘किक ड्रम’, छातीवर गुद्दा बसावा तसा ऐकू यायला हवा, एवढंच त्याचं जीवितकार्य. मी म्हटलं, “मग आवाज वाढव की!” तो म्हणाला, “आवाज नाही मामा, जागा करा लागते.”

ही जागा करण्याची रीत अशी. ढोलातला ४०० हर्ट्झच्या आसपासचा, खोकं बडवल्यासारखा आवाज कापायचा. खाली ६० हर्ट्झच्या सुमाराचा घुमारा राखायचा आणि वर ४००० च्या आसपासची टोला बसल्याची टकटक जरा वाढवायची. शिवाय ढोल वाजला की बास गिटारने क्षणभर दबून राहायचं. भजनातला पखवाजवाला डाव्या तोंडाला कणीक लावतो, तीही घुमाऱ्यासाठीच; पण त्यापायी तो वीणेकऱ्याला दाबत नाही.

एकाने ठासून बोलायचं तर दुसऱ्याने क्षणभर थांबावं, हे संसाराचंही तत्त्वज्ञान आहे. प्रश्न एवढाच, की तो क्षण संपतो कधी? मेटॅलिका या अमेरिकन चमूच्या १९८८ च्या तबकडीत बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. जेसन न्यूस्टेड बिचारा वाजवत होता! आणि तबकडीचं नाव काय, तर ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’. सर्वांना न्याय, एक वगळून!

दुसऱ्याला जागा देणारा सज्जन खरा. पण त्याची जागा त्याला परत द्यायची कुणी? असे न्यूस्टेड घरोघरी असतात. आमच्या घरी ढोल कोण आणि बास कोण, हे मात्र लिहिण्याची सोय नाही. हा मजकूर आधी सौ. वाचणार आहे.