पक्षी काय करून रायला?

पक्ष्याच्या फोटोवर मिळणाऱ्या शेऱ्यांत सर्वांत निकामी शेरा म्हणजे ‘वा!’. त्याच्या खालोखाल ‘लेन्स कोणती?’. दोन्ही शेरे फोटो काढणाऱ्याबद्दल असतात, पक्ष्याबद्दल नसतात. वऱ्हाडात मात्र जुना पक्षीमित्र फोटो हातात घेतो, चष्मा कपाळावर सरकवतो आणि म्हणतो, ‘फोटू झ्याक आहे गड्या, पण पक्षी काय करून रायला?’ या एका प्रश्नावर भल्याभल्यांची दातखिळी बसते.

आपल्याकडे समुद्र नाही, बारमाही दुथडी वाहणारी नदीही नाही. पण गाळ भरपूर. पावसाळ्यात तुडुंब भरलेला अप्पर वर्धा, महानचं काटेपूर्णा धरण, अमरावतीचा छत्री तलाव, अकोल्याजवळचा कापशी तलाव, सगळीकडे दिवाळीनंतर पाणी मागे सरकू लागतं आणि काठ उघडा पडतो. शेतकरी तिथे गाळपेर करतो. उरलेल्या चिखलात शेकाट्या, तुतारी, पाणलावा, कंठेरी चिखल्या पोट भरतात. छोटा टिलवाही येतो. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम, जन्म उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातला. एवढं अंतर कापून आलेला पाहुणा आपल्या गाळात चोच खुपसतो आणि आपण पंधरा फुटांवरून, उभ्या उभ्या, त्याच्या पाठीचा फोटो काढतो!

खरा शेरा इथूनच सुरू होतो. ‘वरून काढलास’ हे पहिलं वाक्य ठरलेलं. पाणपक्ष्याचा फोटो त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून घ्यायचा, म्हणजे काठावर पालथं पडायचं. कोपरं चिखलात, हनुवटी जवळजवळ पाण्याला. तसं केलं की मागचा काठ धूसर होतो, प्लास्टिकच्या पिशव्या आणि म्हशी विरघळून जातात आणि पक्षी सुटा दिसतो. दुसरा शेरा, ‘पाय कापले’. शरीराच्या मानाने शेकाट्याइतके लांब पाय रोहित सोडला तर कुणाचे नाहीत. ते गुलाबी पाय आणि त्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब चौकटीत मावलं नाही, तर मग शेकाट्याचा फोटो काढलाच कशाला? तिसरा शेरा रंगाचा. पक्षी वर काळा, खाली पांढरा. कॅमेऱ्याच्या भरवशावर सोडलं तर पोटाचा पांढरा रंग भाजून निघतो आणि पिसांची रेघसुद्धा उरत नाही. एक्स्पोजर थोडं खाली ओढायचं, काळ्याचं नंतर पाहता येतं.

कंठेरी चिखल्याची परीक्षा याहून सोपी आणि याहून कडक. या चिमुकल्या पक्ष्याच्या डोळ्याभोवती पिवळं, अगदी बारीक कडं असतं. फोटो मोठा करून ते कडं पाहायचं. धारदार असेल तर ठेवायचा, पुसट असेल तर पुसून टाकायचा. त्यात दयामाया नको. शिवाय हेच कडं ओळख पटवतं. त्याच चिखलात फिरणाऱ्या केंटिश चिखल्याला असं कडं नसतं. एकच खूण फोटोची प्रत सांगते आणि फोटोखालच्या नावाची शहानिशाही करते. नाव चुकवून भिंतीवर लावलेला देखणा फोटो मला तरी पाहवत नाही. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षीकोश’ रचून इतकी नावं जमवून दिली, निदान ती तरी नीट लावावीत.

आणि उन्हाचं काय? फेब्रुवारी उलटला की आपल्याकडे सकाळी नऊ-दहालाच ओल्या गाळावरची हवा थरथरू लागते. त्या वेळी लाखाच्या लेन्समधूनही पक्षी पाण्यात बुडवल्यासारखाच दिसतो. हा दोष दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर शोधत बसणाऱ्यांना जाणते लोक एवढंच सांगतात, ‘पहाटे ये.’

बहुतेक शेरे शेवटी कॅमेऱ्यापाशी थांबत नाहीत. कुठे बसलास, किती वाजता, किती वेळ, इकडेच वळतात. म्हणून शेरा देणाऱ्याने त्या चिखलात कधीतरी बसलेलं असावं लागतं. मला तर तलावावरच्या भोयाचा शेरा सर्वांत मोलाचा वाटतो. पंख लोंबवून चिखल्या फरफटत चालला की आपण ‘काय पोझ आहे!’ म्हणून बटण दाबत सुटतो. भोई लांबूनच ओरडतो, ‘मांगं सरका ना भाऊ, त्याची अंडी असतीन तिथं!’ जखमी झाल्याचं ते सोंग असतं, आपल्याला अंड्यांपासून दूर न्यायला केलेलं. म्हणजे फोटोत पक्षी काय करतोय, याचं उत्तर ‘आपल्याला हाकलतोय’ असं निघतं. घरट्यावरचे फोटो अनेक स्पर्धा घेतच नाहीत, ते याचसाठी. असा फोटो कितीही स्पष्ट असो, मी त्याला गुण देणार नाही.

५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. या दोन तारखांमध्ये महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. तेव्हा ठिकठिकाणी फोटोंची प्रदर्शनं लागतात. तिथे आपला फोटो लावाल तेव्हा एखाद्या जाणत्याला बाजूला घेऊन, काय चुकलं ते विचाराच. आणि मार्चनंतर गाळावर पालथं पडण्याआधी पुढची हातभर जमीन नीट न्याहाळा. कंठेरी चिखल्या घरटं बांधत नाही. त्याची खड्यांच्या रंगाची अंडी उघड्या रेतीवरच असतात.