थरथरणारा हात

वेदीजवळ बसून पहिले वाचन ऐकत असताना मांडीवर विसावलेला माझा उजवा हात आपोआप थरथरू लागला, तेव्हा थंडीचे दिवस होते. मी दोष थंडीला दिला. उन्हाळा आला, थरथर राहिली. अक्षर बारीक होत गेले, आवाज खोल गेला. डॉक्टरांनी निदान केले : पार्किन्सन्स. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेला हा विकार. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. लिव्होडोपाच्या गोळीने ती उणीव काही प्रमाणात भरून निघते. विकार मात्र जात नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यासमोर उभा आहे : काम करीत राहावे, की थांबावे?

पोप दुसरे जॉन पॉल याच विकाराने ग्रासलेले असूनही पदावर राहिले. २७ मार्च २००५ रोजी, ईस्टरच्या दिवशी, ते खिडकीत आले. पण मुखातून शब्द उमटला नाही. २ एप्रिलला ते देवाघरी गेले. त्यांच्यानंतरचे पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मात्र ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, शक्ती उणी पडते असे सांगून, पदत्यागाची घोषणा केली. एकाने राहून साक्ष दिली, दुसऱ्याने सोडून. मग आदर्श कोणता मानावा?

दुसऱ्या जॉन पॉल यांनी १९८१ साली मानवी श्रमावर परिपत्रक लिहिले. श्रमाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारावरून नव्हे, तर ते करणाऱ्या माणसावरून ठरते, हा त्याचा गाभा. यातून मी प्रथम माझ्या सोयीचा अर्थ काढला : माणूस मोठा, म्हणून मी काम सोडता कामा नये. पुढे उलगडले, की तोच विचार दुसऱ्या बाजूनेही खरा आहे. प्रतिष्ठा माणसाची असेल, तर काम सुटल्याने ती घटत नाही. ज्याला सोडण्याचे भय उरले नाही, तोच प्रामाणिकपणे ठरवू शकतो, की आपण धरून ठेवले आहे ते लोकांसाठी, की स्वतःसाठी.

या कसोटीवर मी एकेक काम घासून पाहिले. वाड्यावस्त्यांवर मोटारसायकलने जाणे सोडले. तिथे माझ्या हट्टाची किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाला मोजावी लागली असती. प्रसाद वाटताना आता धर्मभगिनी साहाय्य करतात. पापनिवेदन ऐकणे मात्र चालू आहे; त्याला स्थिर हात नव्हे, स्थिर कान लागतात. एक आजीबाई म्हणाल्या, "फादर, तुमचा आवाज बारीक झाला, तवापासून पोरं गप बसून ऐकत्यात."

तरीही, वाचकहो, एक गोष्ट मला टोचते. राहावे की थांबावे, हा प्रश्न विचारण्याची सवड मला आहे. माझे जेवण थांबत नाही. आपल्या नगर जिल्ह्यातील ऊसतोड मजुराचा हात थरथरू लागला, तर काम थांबताच चूलही थांबते. त्याला श्रमाची प्रतिष्ठा सांगण्यापूर्वी त्याची गोळी आणि भाकरी यांची सोय पाहणे हे आपल्या धर्मग्रामाचे काम आहे. आणि त्या कामासाठी घरोघर जाऊन दार ठोठवायला थरथरणारा हातही पुरतो.